दुलईखालचा भात

"काका, तुम्ही चुलीकडच्या बाजूला बसा. मोठ्या माणसांची जागा ती," होंगबाई म्हणाल्या, आणि मिन ग्युहो दारातच अवघडून उभे राहिले. सत्तरी ओलांडली तरी आपण मोठी माणसं आहोत याची त्यांना अजून खात्री नव्हती.

"लाकडं आता घातलीत. मुलगा कामावरून आला की आणखी घालेल," असं म्हणून होंगबाई स्वयंपाकघरात गेल्या. ग्युहोंची बायको ओकजाही मदतीला त्यांच्यामागून गेली.

खोली अगदी जुन्या पद्धतीची होती. बाहेरच्या चुलीतला धूर जमिनीखालून फिरायचा आणि चुलीजवळचा कोपरा तव्यासारखा तापायचा. जमिनीवर चिकटवलेला पिवळा कागद तिथं भाजून तपकिरी झाला होता. ग्युहोंच्या लहानपणी अशा कोपऱ्यात आजोबा झोपत. ग्युहो शेंडेफळ, त्यामुळे त्यांच्या वाट्याला दाराकडची बाजू यायची. तिथं उशाशी ठेवलेलं पाणी सकाळपर्यंत गोठायचं. एकदा तरी त्या कोपऱ्यात झोपायचं, एवढ्यासाठीच ते सोलचा फ्लॅट सोडून इथं, होंगबाईंच्या गावच्या घरी, पैसे भरून एका रात्रीपुरते पाहुणे आले होते.

कोपऱ्यात दुलई अंथरलेली होती. ग्युहोंनी तिच्याखाली पाय घातले आणि सुखानं लांब केले. काहीतरी लवंडलं.

दुलई उचलून पाहतात तर पितळी वाडगा आडवा, झाकण बाजूला आणि वाफाळता भात जमिनीवर. दुलईखालचा भात कुणाचा असतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. अजून घरी न आलेल्या माणसाचा! त्यांची आई वडिलांचा वाडगा असाच उबेत ठेवायची आणि मुलं त्याला वळसा घालून झोपायची. इतकी वर्षं सांभाळलेला पाय आज नेमका लागला होता.

म्हणजे हा होंगबाईंच्या मुलाचा भात. सांडलेला भात दमून आलेल्या माणसाला कसा द्यायचा? ग्युहोंनी तो उचलून खाल्ला. आता वाडगा अर्धाच राहिला. अर्धा वाडगा म्हणजे उष्टं ठेवल्यासारखं. म्हणून त्यांनी उरलेला भात बोटांनी मोकळा करून फुगवून पाहिला. पण बोटं घातलेला भात तरी कसा द्यायचा? तोही खाल्ला. प्रत्येक पाऊल त्यांनी विचार करूनच टाकलं होतं. वाडगा मात्र रिकामा झाला होता.

काही शितं दुलईला चिकटली होती. ग्युहोंनी झाकण लावून वाडगा जागच्या जागी ठेवला आणि ते त्या शितांवरच बसले. तेवढ्यात ओकजा आली.

"अहो, केवढा घाम आलाय! सरका ना जरा इकडे."

"नको. बरं वाटतंय."

"बरं वाटतंय? तोंड भाजलेल्या रताळ्यासारखं झालंय!"

"काकांना गारठा लागतोय का?" बाहेरून होंगबाईंनी विचारलं. "थांबा, दोन लाकडं टाकते!"

ग्युहो "नको, नको" म्हणाले, पण त्यांचं "नको" आयुष्यभरात कुणाला ऐकू गेलं नव्हतं. चुलीत लाकडं तडतडली. जरा वेळानं खालून चटका बसला आणि त्यांनी हळूच सांगून टाकलं, "मी त्या मुलाचा भात खाल्ला."

"सगळा?"

"सांडला होता गं."

"मग सांडलेला तेवढा खायचा ना!" ओकजानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. बिचारीला लाजेनं रडू फुटलं, असं ग्युहोंना वाटलं.

"ऐक. माझ्या ताटातला भात गुपचूप या वाडग्यात भरतो. तू होंगबाईंना बोलण्यात गुंतव."

होंगबाई बसकं जेवणाचं टेबल घेऊन आल्या. सूप, भाजलेला मासा, किमची, तीळ लावलेली पालेभाजी. भात नव्हता. ग्युहोंनी सुपाच्या पलीकडे पाहिलं, माशाच्या मागे पाहिलं. भात कुठंच नव्हता. होंगबाई मात्र समोर बसून हसत होत्या, जणू कसली वाट पाहत होत्या.

ग्युहोंनी दोन्ही हात तापल्या जमिनीवर टेकले आणि मान खाली घातली. "होंगबाई, तुमच्या मुलाचा भात मी खाल्ला."

"माझ्या मुलाचा? त्याला तो बोलणारा कुकर लागतो. 'भात तयार आहे' असं कुकरनं म्हटल्याशिवाय पोरगा जेवत नाही. अहो काका, तो तुमचाच भात! काकूंनी फोनवर सांगितलं होतं, आमच्या यांना एकदा दुलईखालचा भात वाढाल का म्हणून. आता मी तुमच्यासमोर दुलई उचलणार होते!"

ग्युहोंनी बायकोकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती, पण हसून हसून.

"लग्नापासून रांधतेय," ती म्हणाली. "माझ्या हातचा भात कधी असा चाटूनपुसून खाल्लात?"

होंगबाईंनी वाडगा पुन्हा शिगोशीग भरून आणला. "घ्या. आता सावकाश जेवा." मग त्या ओकजाला म्हणाल्या, "चला काकू, तुमचं सूप आणू या."

दोघी गेल्या. ओकजा नेहमी मागाहूनच जेवायची. ग्युहोंची आईसुद्धा. आईसाठी कुणी दुलईखाली काही ठेवल्याचं आठवतं का, हे त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

मग त्यांनी वाडग्याला झाकण लावलं, तो दुलईखाली नीट सारला आणि ते जाऊन दाराकडच्या गार बाजूला बसले, पाय जवळ घेऊन.