टिटवीचं नवंकोरं गाणं

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, बाळांनो. हवं तर गळ्याची शपथ घेतो. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे हजर नव्हतो. पण ज्यानं मला ती सांगितली तो होता. तो थोडं वाढवून सांगतो, हे कबूल. पण त्यानं वाढवलेलं मी कमी करून सांगणार आहे, म्हणजे गोष्ट पुन्हा होती तेवढीच होईल.

तेव्हा मांडी घालून बसा. ज्या बाळांची मांडी गुडघ्यांमुळे बसत नाही, त्यांनी खुर्ची घ्यावी.

एका जंगलात, जिथे झाडी संपते आणि दगडगोट्यांचा माळ लागतो तिथे, एक टिटवी आणि तिचा टिटवा राहत असत. टिटवी झाडावर घर बांधत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. नसेल तर मी शिकवतो. ती उघड्या माळावर, कुणाच्याही पायाखाली येईल अशा जागी चार खडे गोल मांडते आणि मध्ये अंडी घालते. अंडी इतकी ठिपकेदार, की खडा कुठला नि अंडं कुठलं, हे तिचं तिलाच वाकून बघावं लागतं.

त्या वर्षी तिनं चार अंडी घातली होती.

कुणी जवळ आलं, की ती वर झेपावून ओरडे. "टिटीव! टिटीव! टी-टी-टिटीव!" तिच्या आईनं तिला हा एकच सूर दिला होता. आईला तिच्या आईनं. त्याचा अर्थ एवढाच, की दूर व्हा, पाऊल जपा, इथे जीव आहे. जीव म्हणजे अंडी, हे मात्र ती कधी बोलत नसे. बोललं तर ऐकणाऱ्याला भूक लागते.

आता नकुलराव. नकुलराव म्हणजे मुंगूस. मुंगसाला अंडी किती प्रिय, ते मी सांगायला नको. पण नकुलरावांना अंड्यांहूनही एक गोष्ट जास्त प्रिय होती. दुसऱ्यांना गाणी सुचवणं.

दर शुक्रवारी सकाळी ते वारुळावर उभे राहत आणि पाच नावं सांगत. या आठवड्यात आवर्जून ऐकावेत असे पाच नवे गायक. प्रत्येक नावानंतर डोळे अर्धे मिटून म्हणत, "अजून कुणाला ठाऊक नाही." कुणी चुकून कोकिळेचं नाव काढलं, तर त्यांना जांभई येई. "कोकीळ? असते काहींना आवड."

जंगलातले प्राणी येत, माना डोलावत आणि नावं पाठ करून जात. गाणी ऐकायला वेळ कुणाला होता? नावं पाठ करण्यातच शुक्रवार यायचा.

एका गुरुवारी मात्र नकुलराव फार काळजीत होते. चार नावं मिळाली होती. त्यात घसा बसलेला एक बेडूक होता, आणि बांबूच्या भोकातून शीळ घालणारा वारा होता. (वाऱ्याचं हे दुसरं काम. पहिलं जास्त प्रामाणिक होतं.) पाचवं नाव सापडेना. काळजीत चालता चालता ते माळावर आले आणि टिटवीच्या घरापासून वीतभर अंतरावर थबकले.

टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत जीव तोडून ओरडू लागली.

नकुलरावांनी डोळे मिटले.

तिथेच अंडी वाचली बघा. डोळे उघडे असते, तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही जेवायला गेला असता.

"वा!" नकुलराव म्हणाले. "घराणं नाही. फांदी नाही. मंच नाही. उघड्या माळावर, भर उन्हात, स्वतःच रचते, स्वतःच गाते!"

"जा! जा इथून!" टिटवी ओरडली.

"आणि श्रोत्याला हाकलून देते!" नकुलरावांच्या अंगावर काटा आला. "इतकी स्वतंत्र कलाकार मी आजवर ऐकली नाही."

टिटवीनं शेवटचा उपाय काढला. तिच्या जातीत तो पिढीजात आहे. पंख मोडल्याचं सोंग घेऊन ती लंगडत लंगडत दूर जाऊ लागली, म्हणजे शत्रू मागे यावा आणि घर सुटावं.

"नाचतेसुद्धा!" असं म्हणून नकुलराव धावत सुटले. पण तिच्या मागे नव्हे, वारुळाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर पंधरा-वीस रसिक हजर. टिटवी ओरडत राहिली आणि रसिक डोलत राहिले. ती जितकी घाबरे, तितकी दाद वाढे. तिचा आवाज फाटला, तेव्हा तर एक सांबर रडलंच. नकुलराव मध्ये उभे राहून समजावून सांगत होते. "ऐका, आता इथे ती वर जाईल. ऐकलंत? मी बोलत होतो म्हणून नसेल ऐकू आलं, पण ती गेली वर."

एक ससा नाक उडवून म्हणाला, "मला हिची आधीची गाणी जास्त आवडायची."

"आधीची म्हणजे?" सांबरानं विचारलं.

"मघाची. तुम्ही यायच्या आधीची."

सशाला त्या दिवशी फार मान मिळाला.

तेवढ्यात मागून एक गवा पुढे घुसला. त्याला दिसत नव्हतं. त्याचा खूर अंड्यांपासून चार बोटांवर पडला आणि एक खडा उडाला. टिटव्यानं थेट त्याच्या कानात चोच घातली.

"अरे वा, साथीलाही आहेत कुणी!" गवा खूश होऊन एक पाऊल मागे सरला.

दुपारी गर्दी पांगली, तेव्हा टिटवी पोटाची पिसं डबक्यात भिजवून आली आणि तापलेल्या अंड्यांवर बसली.

"किती दिवस राहिले हो?" तिनं विचारलं.

"दहा-अकरा," टिटवा म्हणाला. "अगं, तू उद्यापासून गप्पच बस. आवाज नाही, तर गर्दी नाही."

हा सल्ला नवऱ्याचा होता. तरी तिनं ऐकला.

शनिवारी ती गप्प राहिली. नकुलराव आले, वाट पाहिली, कान टवकारले आणि मग मागे वळून सगळ्यांना खुणेनं म्हणाले, "मौन! नवं काम आहे. पुढे या, पुढे या, लांबून ऐकू येणार नाही." आणि रसिक पाय न वाजवता आणखी चार पावलं पुढे आले.

टिटवीला पुन्हा ओरडावं लागलं.

"मौनाच्या शेवटी किंकाळी!" ससा म्हणाला. "हे मात्र थोडं ठरीव वाटलं."

सोमवारी नकुलरावांनी वारुळावरून जाहीर केलं, की येत्या शुक्रवारी माळावर महोत्सव होईल. सगळं जंगल बोलवायचं. गव्यांचा पूर्ण कळप येणार, रानडुकरं सहकुटुंब येणार. टिटवीनं ते ऐकलं आणि गव्याचे खूर मोजले. एकाला चार. कळपात तीस गवे. पुढचं मोजायचं तिला धैर्य झालं नाही.

त्या माळावर एक म्हातारं कासवही असे. जंगलातल्या एकाही रसिकानं त्याला कधी विचारलं नव्हतं, की आजोबा, तुमची आवड काय? त्या संध्याकाळी सगळे गेले, तरी ते अजून जात होतं.

"पोरी," ते म्हणालं, "किती अंडी आहेत?"

टिटवी घाईघाईनं म्हणाली, "कसली अंडी? कोण म्हणतं?"

"तूच म्हणतेस. आठवडाभर म्हणतेयस. दूर व्हा, पाऊल जपा. गाणं पुरतं ऐकलं तर कळतं. मला काय, मी निघेपर्यंत गाणं संपतं, म्हणून पुरतंच ऐकावं लागतं." कासवानं मान थोडी आत घेतली. "मीही वाळूत पुरून आलेय चौदा. घाबरू नकोस."

तेव्हा कुठे टिटवीला कळलं, की आजोबा ही आजी आहे. आठवडाभर शेजारी असून तिनंही कधी विचारलं नव्हतं.

ती कासवाजवळ बसली आणि रडली. "आजी, मी त्यांना कशी घालवू? जा म्हटलं की जास्त येतात."

"जा म्हणतेस म्हणूनच येतात. सगळ्यांना येतं असं काहीतरी गा. पोपटाचं ते पेरूचं गा."

टिटवी ताडकन उठली. पेरूचं गाणं! जंगलात एक बारसं, एक लग्न असं झालं नव्हतं, जिथे पोपटानं ते म्हटलं नाही. 'पेरू पिकला, ठुमक ठुमक, चोच मारा, ठुमक ठुमक.' बाकीचंही सगळं ठुमक ठुमकच.

"ते मी गाऊ? माझ्या आईनं मला एकच सूर दिलाय."

"कशासाठी दिला?" कासव म्हणालं आणि पुढे निघालं. ते माळ ओलांडेपर्यंत टिटवीला उत्तर द्यायला भरपूर वेळ होता. तिला ते द्यावंसं वाटलं नाही.

तीन दिवस नवरा-बायको कुजबुजत सराव करत होते.

"अगं, एकदा ठुमक नाही, दोनदा आहे."

"तुम्हाला बरं तोंडपाठ आहे!"

"लग्नात ऐकलं होतं," टिटवा दुसरीकडे बघत म्हणाला. "आपल्याच."

शुक्रवार उजाडला. माळ काळा झाला. पुढे ससे-सांबरं, मागे डुकरं, त्यामागे गव्यांचा कळप धापा टाकत रेटा देत होता. नकुलराव दगडावर चढून बोलू लागले. टिटवीला आपण पहिल्यांदा ऐकलं तो गुरुवार, त्या दिवशीचं ऊन, आपली तेव्हाची मनःस्थिती, असं सगळं सांगून झालं. रेटा वाढला. पहिली रांग चार पावलं पुढे आली. आता एक पाऊल उरलं होतं.

टिटवी झेपावली नाही. ती खाली, अंड्यांपाशी उभी राहिली. तिनं आईची मनातल्या मनात माफी मागितली, मान तिरपी केली, एक पाय उचलला आणि गायली,

"पेरू पिकला, ठुमक ठुमक!"

माळावर पान हललं नाही. माळावर पान नव्हतंच, पण असतं तरी हललं नसतं.

मग एका डुकराचं पिल्लू आनंदानं ओरडलं, "आई, मला येतं हे!" आणि नाचू लागलं. त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "येतं ना? मग घरी म्हण. हे ऐकायला का एवढ्या उन्हात आणलं आम्हाला? पोपट दारात येऊन फुकट म्हणतो!" आणि डुकरं सहकुटुंब वळली.

डुकरं वळली, तसे गवे वळले. गवे नेहमी कुणीतरी वळायची वाटच बघत असतात.

पुढची रसिक मंडळी दगडासारखी उभी होती. टिटवीनं दुसरं कडवं घेतलं. ससा दोन्ही कानांनी तोंड झाकून पळाला. "मी कधी म्हटलं होतं ही मला आवडते?" असं तो पळता पळता सगळ्यांना विचारत होता.

शेवटी उरले एकटे नकुलराव. ते दगडावरून उतरून हळूहळू पुढे आले. टिटवीच्या अगदी समोर. त्यांच्या पुढच्या दोन पायांच्या बरोबर मध्ये चार अंडी होती. टिटवीचा सूर कापू लागला, पण ती गात राहिली. ठुमक ठुमक.

"विकली गेलीस," नकुलराव म्हणाले. "तुझ्या सुरुवातीच्या गाण्यांसाठी मी काय काय केलं! जाऊ दे. ती गाणी आता फक्त माझीच."

त्यांच्या नाकाच्या टोकावरून एक टिपूस खाली पडलं, ते नेमकं तिसऱ्या अंड्यावर. नकुलरावांना दिसलं नाही. डोळ्यांत पाणी होतं ना.

ते मागे वळले आणि निघून गेले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी वठलेल्या हिवराच्या करकरण्याची शिफारस केली. ते झाड अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

महोत्सवानंतरच्या मंगळवारी चारही अंडी फुटली. तीन पिल्लं शहाण्यासारखी बाहेर आली आणि दगडाआड लपली. तिसऱ्या अंड्यातलं मात्र मान तिरपी करून, एक पाय उचलून उभं राहिलं. टिटवीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं आकाशाकडे पाहिलं.

तात्पर्य: आपली अनमोल ठेव जपायची असेल, तर ती रसिकांपासून लपवत बसू नये. सरळ लोकप्रिय व्हावं. रसिक आपल्या पायांनी निघून जातात, आणि जाताना पाऊलही जपून टाकतात.

आता कबुली. सुरुवातीला मी शपथ घेतली होती, तेव्हा लपवणं बरं नाही. मुंगूस खरा आहे, ससा तर फारच खरा आहे, गव्यांचा कळप तुम्ही स्वतः पाहिलेला आहे. यातलं कासव तेवढं मी रचलं. गाणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा जीव मला अजून भेटायचा आहे. तुम्हाला कुठे भेटलाच, तर त्याचं नाव मला सांगू नका.

मी लगेच पाच जणांना सुचवीन.