नानांचं हवेचं मीटर

आमच्या धुळ्याच्या गल्लीतले नाना कोणी भेटलं की आधी त्याच्या गाडीच्या टायरला कान लावायचे. माणसाशी बोलणं नंतर. "हवा शे का?" हा त्यांचा रामराम. मी त्यांची नक्कल करायचो तेव्हा गल्ली पोट धरून हसायची. नाना हसायचे नाहीत. म्हणायचे, "हसी ले. फुटनं म्हणजे समजी."

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नानांनी जुनी फियाट घेतली होती. चालवायचो मी, घाबरायचे ते. त्यात मे महिना, आणि लेक सुनंदाला पहिल्या बाळंतपणाला शिंदखेड्याहून आणायचं होतं. एवढ्या उन्हात टायर फुटलं तर? नानांची झोपच उडाली. म्हणाले, "चाल जळगावले. हवा मोजानं मीटर लेऊत."

गाडी नेली तर वाटेत फुटेल, म्हणून एसटीनं गेलो. सोबत स्टेपनी! कंडक्टर म्हणाला, "नाना, हिला खिडकीची सीट देऊ का?"

दुकानात शेठनं तीन मीटरं काढली. एक पेनासारखं, एक काट्याचं, एक दुबईहून आलेलं, मुठीत मावणारं, आकडे दाखवणारं. नानांनी तिन्ही त्याच स्टेपनीला लावली. पेन म्हणे चोवीस, काटा म्हणे सत्तावीस, आकडा म्हणे सव्वीस. नानांचा चेहरा पांढरा पडला.

शेठ म्हणाला, "नाना, कोणतं पण घ्या, पण एकच घ्या. दोन घेतली तर वेड लागेल."

नानांनी आकड्याचं उचललं. "काटा थरथरस. मना हात बी थरथरस. दोन्ही मिळीसन काय मोजतीन? आकडा कसा गुमान बठस."

शिंदखेड्याहून निघालो. सुनंदा मागे, नाना पुढे. दर थोड्या वेळानं "थांब!" आणि चारही टायर. मीटर सारखं डोळ्यांसमोर राहावं म्हणून त्यांनी ते पुढच्या काचेपाशी ठेवलेलं. नरडाण्याजवळ उचललं तर उन्हानं तापून पडदा काळाठिक्कर, आकडाच दिसेना.

"गयी! बठ्ठी हवा गयी!" नाना रस्त्यातच मटकन बसले.

मी उतरून टायरांना लाथा घातल्या. टणक होती. "नाना, मीटर गेलंय. टायर ठीक शे."

ते उठेनात. गाडीकडे पाठ करून हळूच म्हणाले, "हिनी माय बी अशीच निंघेल व्हती बाळंतपणले. हाई पोर घर उनी. ती नही उनी."

सुनंदाला जन्म देतानाच तिची आई गेली होती.

सुनंदानं मागचं दार उघडलं. "नाना, पुढे नका बसू. माझ्याजवळ या."

ते मागे बसले. धुळं येईपर्यंत एकदाही थांब म्हणाले नाहीत. मला वाटलं, झोपले. आरशात बघितलं तर झोपली होती सुनंदा. नाना तिच्या नाकापुढे हाताची पाठ धरून बसले होते.

मी गाडी आणखी हळू केली.