मनगटाची साक्ष

गफूरचाचा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. रस्त्यात कुणी रामराम घातला तर आधी त्याचं मनगट न्याहाळतात, मग नाव घेतात. एकदा सख्ख्या साडूलाच त्यांनी "पाव्हणे कुठले?" म्हणून विचारलं होतं. बिचारा थंडीमुळे हात शालीत घालून आला होता.

चाचा मनियार. कळमनुरी रस्त्यावरच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर बांगड्या भरल्या. बायका त्यांना नावाने नव्हे, बांगडीच्या मापाने ठाऊक. "दोन-चार बरी हाय का आता?" असं त्यांनी विचारलं, की मी समजायचो, माझ्या बायकोची चौकशी आहे.

मतदानाच्या दिवशी हे ज्ञान कामी येई. पक्ष कोणताही असो, केंद्रात त्याच्या वतीने चाचाच बसत. पदर ओढलेली किंवा बुरख्यातली बाई आली, की म्हणत, "बाई, हात दाव." मग मान हलवून, "व्हय, हीच ती." एकदा एकाच नावाला ते दोनदा "हीच ती" म्हणाले. जुळ्या बहिणी होत्या, असं अजून सांगतात. गावात जुळ्या बहिणी नाहीत.

मागच्या खेपेला केंद्रावर बाहेरगावचे साहेब आले. ओळखपत्र घरी विसरलेल्या एका बाईला ते आत सोडेनात.

"चाचा, मनगट कायद्यात बसत नाही."

"साहेब, ते कार्ड आणलं तरी फोटू लग्नाआधीचा. नाव माहेरचं, गाव सासरचं. त्यात तिचं काय उरलं? मनगट तेवढं तेच हाय."

साहेब हसले. बाईला मात्र त्यांनी परत पाठवलं.

सवाष्ण गेली, की तिला शेवटचा हिरवा चुडा भरायलाही गाव चाचांनाच बोलावतं. माझी बायको गेली तेव्हा ते आले, तिचा हात मांडीवर घेतला आणि नुसतेच बसले. मग बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी आणून थांबले. पुन्हा थोडी दाबली, पुन्हा थांबले. नंतर अंगणात मला म्हणाले, "जिता हात आखडतो, सर. कितीबी सवय असू द्या, सांध्यावर बांगडी आली की आखडतोच. मेलेला वाट देतो. तेच बघून राहिलो होतो." त्यानंतर कैक दिवस, पुस्तक उघडं ठेवून, मी माझाच सांधा दाबून बघत असे.

यंदा मतदार यादीची कडक तपासणी आली. अंगणवाडीच्या मॅडम घरोघर जाऊन मयतांची नावं कमी करत होत्या. प्रत्येक नावाला कुणा जाणत्याची साक्ष लागे. बायकांसाठी त्यांनी चाचांना सोबत घेतलं, आणि लिहायला मला, निवृत्त मास्तर म्हणून. चाचा प्रत्येक नावाला म्हणत, "हात पाह्यला. गेली," आणि सही करत. माझ्या बायकोच्या नावालाही तेच म्हणाले.

फिरत फिरत आम्ही त्यांच्याच ओसरीवर आलो. मॅडमनी नाव काढलं, झुलेखाबी. चाचांची बायको, मागल्या उन्हाळ्यात गेलेली.

"ह्याच्यावर सही न्हाई करत म्या."

"काहून चाचा? सगळ्या गावानं माती दिली की."

"हात पाह्यला न्हाई."

मॅडम गोंधळल्या. चाचा सावकाश म्हणाले, "आमच्यात बाई गेली, की नवऱ्यानं तिला हात लावायचा नसतो. बाया आल्या, दार लावलं. साऱ्या गावाच्या बाया म्या पोचवल्या. घरच्या बाईचा हात आखडला का न्हाई, मला म्हाईत न्हाई."

"पण नाव ठेवलं तर तिच्या जागी दुसरंच कुणी मत टाकून जाईल, चाचा."

"येऊ द्या की. म्या तिथंच असतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही सही करता का?"

जनाज्याला माझा खांदा होता. चाचांनाही ते ठाऊक होतं.

"तुमी होते ना, सर?"

"होतो."

"पक्की गेली?"

"होय, चाचा."

चाचांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "मंग करा. पर आधी एकडाव मोठ्यानं नाव घ्या तिचं."

मॅडमनी नाव वाचलं. चाचा आतल्या पडद्याकडे कान देऊन बसले. आत खुंटीवरच्या बांगड्यांच्या माळा किणकिणल्या आणि थांबल्या. वारा नव्हता. मॅडम काही बोलणार होत्या, मी त्यांना खुणेने थांबवलं.

"करा," चाचा म्हणाले. "लवकर करा, सर. पुन्हा वाजल्या तर म्या करू द्यायचो न्हाई."