न पाहिलेला सायटोसीन

रत्नप्रभा उगारे यांच्या डाव्या फुप्फुसातल्या एका पेशीतल्या डीएनएमधला सायटोसीन सकाळी चहाच्या वेळेला दारात आला आणि आपला थायमिन झाल्याचं त्याने सांगितलं.

रत्नाकाकूंनी त्याला आत बोलावून पाट दिला. दारात आलेल्याशी उभ्याउभ्या बोलणं इचलकरंजीत बरं दिसत नाही.

"कुणी काय केलं का?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही ओ, काकू. आत सगळं पाणीच. पाणी लागून लागून माझा अमीन नावाचा तुकडा गळला. गळतो कधीकधी, आपला आपण."

"मग दुरुस्तीवाले करतील की."

"त्यातच घोळ आहे." त्याने डोक्यावरच्या टोपीला हात लावला. "बिनटोपीच्या सायटोसीनचा अमीन गळला की युरॅसिल होतो. युरॅसिलला आमच्यात घर नाही, दिसला की उचलतात. मला ही मिथिलची टोपी. टोपीवाल्याचा थायमिन होतो, आणि थायमिन तर आमच्यातला रीतसर रहिवासी. समोर माझी जोडीदारीण ग्वानिन. तिची जोडी सायटोसीनशी, थायमिनची अडेनिनशी. जोडी जमत नाही एवढं दुरुस्तीवाल्याला दिसेल. पण दोघांत बिघडलाय कोण, हे कसं दिसणार?"

"आणि नाही दिसलं तर?"

"आमची जागा साधी नाही, काकू. पेशीला 'आता वाढू नको, थांब' म्हणायचं काम तिथनं चालतं. ते बिघडलं की पेशी वाढतच सुटते. दुपारी पेशीच्या दोन पेशी व्हायच्या म्हणून आमची नक्कल आहे. त्याआधी मला काढायला पाहिजे."

"काढल्यावर तुमचं काय?"

"माझं काय," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

मलाच काढा म्हणून सांगायला आलेला पाहुणा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी पोहे टाकले.

दुरुस्तीवाला यायला उशीर झाला. तोवर पाहुणा पाटावर चांगलाच ऐसपैस बसला होता. दुरुस्तीवाल्याबरोबर ग्वानिनही आली होती आणि हात चोळत दारातच उभी राहिली. इतकी वर्षं तिने समोरच्याला तीन ठिकाणी धरलं होतं, आता दोनच ठिकाणी धरता येत होतं.

"मूळचं कोण?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"मी," ग्वानिन म्हणाली.

"मीपण मूळचाच," थायमिन म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. थायमिन झाल्यावर आपण सायटोसीन होतो हे फार वेळ लक्षात राहत नाही.

"काकू, सांगा की," ग्वानिन म्हणाली. "सकाळी तुमच्याजवळ कबूल झालाय ह्यो."

"ऐकलेलं चालत नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "काकू, यांना सायटोसीन असताना तुम्ही स्वतः पाहिलंय?"

न पाहिलेलं पाहिलं म्हणून काकूंनी कधी सांगितलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या जमिनीच्या खटल्यातसुद्धा नाही. ती जमीन गेली आणि भाऊ मरेपर्यंत त्यांच्या दारात आला नाही. आत्ता 'होय' म्हटलं तर आपण वाचतो, हे त्यांना नीट कळत होतं. पण जीभ काही उचलेना.

"नाही पाहिलं," त्या म्हणाल्या.

"मग दोघांतल्या एकाला काढायचं," दुरुस्तीवाला म्हणाला. थायमिन पाटावर बसला होता, ग्वानिन उभी होती. बसलेल्याला कुठे उठवा, म्हणून त्याने उभी होती तिला काढलं.

"जपा, काकू," जाताना ती म्हणाली. तिच्या जागी अडेनिन आली. दुपारी नक्कल वेळेवर पार पडली.

दुसऱ्या दिवशी चहाला दोन थायमिन आले. मग चार. पुढे सोपा भरला, जिना भरला, समोरच्या बोळात रांग लागली. काकूंना खोकला लागला, पातेलं उचलवेना, तरी त्यांनी कुणाला चहाविना परत पाठवलं नाही.

"आत्ती, आता नको म्हणा ह्यांना," सून रडकुंडीला येऊन म्हणाली.

काकूंनी पाटावरच्या थायमिनला विचारलं, "तुम्ही आधी कोण होता?"

"थायमिनच, काकू. पहिल्यापासून."

याला तर सायटोसीन असताना कुणीच पाहिलेलं नव्हतं. काकूंनी मान हलवली, खोकल्याची उबळ जाऊ दिली आणि सुनेला माळ्यावरचं मोठं पातेलं काढायला सांगितलं.