आईची क्रेन आणि उन्हाचे पडदे

मुलांनो, एक खिडकी डोळ्यांसमोर आणा पाहू. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? खिडकी पश्चिमेची आहे, म्हणजे दुपार कलली की ऊन थेट तिच्यातून घरात येतं आणि समोरच्या भिंतीपर्यंत पाय पसरून बसतं. खिडकीखाली एक स्टूल आहे. बाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे नदी, नदीत अर्धा बांधलेला पूल आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला उंच पिवळी क्रेन. आता स्टुलावर एक मुलगी बसवा. एका जागी स्वस्थ बसेना म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. पण संध्याकाळी या स्टुलावर ती अशी बसायची, की कुणी डिंकाने चिकटवून ठेवली असावी.

कारण त्या क्रेनच्या केबिनमध्ये तिची आई असायची.

आई क्रेन चालवायची. पूल बांधणारी सगळी माणसं पलीकडच्या काठावर पत्र्याच्या खोल्यांत राहत आणि आठवड्याच्या सुट्टीला लाँचमधून घरी येत. "पूल झाला की मी रोज चालत घरी येईन," आई म्हणायची. म्हणजे आईला घरी आणणारा पूल आईच बांधत होती, आणि तो बांधायचा म्हणूनच तिला घरापासून लांब राहावं लागत होतं. भिंगरीला हा हिशेब कधी पटला नाही. मलाही नीटसा पटलेला नाही.

दोघींचं एक गुपित होतं. संध्याकाळी काम थांबायच्या वेळी आई क्रेनचा लांब हात घराकडे वळवी आणि त्याला लटकलेला आकडा दोनदा खाली-वर करी. म्हणजे, "मी मजेत. तू?" मग भिंगरी खिडकीचा पडदा दोनदा उघड-बंद करी. म्हणजे, "मीपण." आणखी एक खूण ठरलेली होती, पण ती कधी वापरली नव्हती. पडदा न थांबता उघड-बंद होत राहिला, तर त्याचा अर्थ, "असशील तशी ये."

"नुसती आठवण आली म्हणून ही खूण करायची नाही हं," आईने बजावलं होतं. "खरंच काही अडलं तरच."

"आणि खूप आठवण आली तर?"

"तरी नाही."

"खूप म्हणजे अगदी खूपच?"

आई जरा थांबली. "तरी नाही," ती म्हणाली, पण आधीपेक्षा हळू.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बाबा शिंपी. उजेड खांद्यावरून मशीनवर पडावा म्हणून ते खिडकीकडे पाठ करून बसत. नदी, पूल, क्रेन, सगळं त्यांच्या पाठीमागे.

पण बाबांना स्वतःची एक काळजी होती. मागच्या सुट्टीला आई आली, अंथरुणावर आडवी झाली आणि वीज गेली. पंखा थांबला. दमून आलेली आई घामाघूम होऊन कूस बदलत राहिली आणि बाबा तिला पुठ्ठ्याने वारा घालत बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पडदेवाल्याला बोलावलं.

पडदेवाल्याने दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांना काळ्या चकचकीत पट्ट्यांचे पडदे बसवले. साधेसुधे नव्हेत. त्यांच्यावर ऊन पडलं की वीज तयार व्हायची आणि कोपऱ्यातल्या बॅटरीत साठायची. शिवाय सूर्य जसा सरके, तशा पट्ट्या आपोआप त्याच्याकडे तोंड करून वळायच्या.

"म्हणजे सूर्यफुलासारखं?" भिंगरीने विचारलं.

"हुशार आहेस!" पडदेवाला म्हणाला.

आता तुम्हीही हुशार आहात, तेव्हा विचार करा. सूर्य वर असतो तेव्हा पट्ट्या आडव्या राहतील, आणि मधल्या फटींतून बाहेरचं दिसेल. सूर्य खाली उतरू लागला की पट्ट्या त्याच्याकडे बघता बघता उभ्या होतील. आणि तो अगदी समोर आला, की? बरोबर. एकीला एक चिकटून पडदा पूर्ण बंद. नेमका त्याच वेळी आई आकडा हलवायची.

पहिल्या संध्याकाळी भिंगरी म्हणाली, "बाबा, थोडा वेळ उघडा ना."

"अगं, आत्ताच तर ऊन सरळ पडतंय! वीज काय अशी धो धो येत असेल!"

"थोडासाच."

"हे सगळं आईसाठी चाललंय. तिच्या सुट्टीला पंखा फिरला पाहिजे ना?"

गुपित सांगायचं नव्हतं. भिंगरीने पट्ट्यांच्या कडेच्या चिंचोळ्या फटीला डोळा लावला. आकडा दोनदा खाली-वर झाला. थांबला. पुन्हा दोनदा झाला. कुणी दार वाजवावं आणि आतून ओ येऊ नये, तसा तो जरा वेळ तसाच लोंबत राहिला आणि मग हळूच वर गेला.

इकडे बाबांना साठवण्याची चटकच लागली. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या कपबशा घरच्यांना कधी मिळतात का? तसंच या विजेचं झालं. पडदे बंद म्हणून दुपारपासून घरात अंधार, आणि दिवेही आता बॅटरीवरच, म्हणून वीज साठवायला तेही लावायचे नाहीत. बॅटरी किती भरली ते दाखवणारा तिच्यावरचा आकडाही उजेडाचा होता. तोही वीज खातो म्हणून बाबांनी त्यावर काळ्या अस्तराचा तुकडा चिकटवून टाकला. पडद्यांचा रिमोट कपाटावर ठेवला आणि त्यातले सेल काढून घेतले, उगाच झिजायला नकोत म्हणून.

घरात भिंगरीची आत्याही राहायची. ती काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"अरे, काल मी अर्धा पेपर उलटा धरून वाचला!"

"मग ताई, कळलं कधी?"

"कळलं कुठे! म्हटलं, बातम्याच अशा आहेत."

"चार दिवसांचा प्रश्न आहे, ताई. सुट्टीला ती येईल तेव्हा सगळं लख्ख करू."

"तेव्हा तिला आमचे चेहरे आठवतील ना? आम्हाला तर एकमेकांचे आठवेनासे झालेत."

बाबा हसले आणि चाचपडत सुईत दोरा ओवू लागले. त्यांच्या हातात बँडमास्तरांचा लाल कोट होता. त्याला सोनेरी झालर लावायची होती. बोटांना सवय आहे, डोळ्यांचं काय काम, असं ते म्हणत.

चौथ्या दिवशी भिंगरीने ठरवलं. तिने बाबांच्या डब्यातून दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ घेतलं आणि पट्ट्या मिटायच्या आत त्यांच्यामध्ये अडकवून ठेवलं. तेवढी फट राहिली, की तिच्यातून हात काढून हलवायचा, एवढाच बेत होता.

पण हे पडदे शहाणे होते. मध्ये काही अडकलं की मोडू नये म्हणून ते आपणहून उघडत, आणि मग पुन्हा मिटायला जात. पट्ट्या मिटल्या, रिळाला अडल्या, सटकन उघडल्या. पुन्हा मिटल्या, पुन्हा अडल्या, पुन्हा उघडल्या. दोन्ही खोल्यांचे पडदे एकाच मोटरवर. खटाखट, खटाखट! घराने डोळ्यात कचरा गेल्यासारखी दोन्ही डोळ्यांची उघडझाप सुरू केली.

"काय झालं? काय झालं?" बाबा उठले, ते कोटासकट.

"रीळ..." भिंगरी म्हणाली. तिने ते ओढून पाहिलं, तर ते आणखीनच रुतून बसलं.

"रिमोट! रिमोट कुठाय?"

"कपाटावर!" आत्या ओरडली. "आणि सेल कुठायत ते तुलाच माहीत!"

बाबा सेल शोधू लागले. सुयांच्या डब्यात नव्हते, बटणांच्या डब्यात नव्हते. तेवढ्यात दारात बँडमास्तर उभे.

"टेलरमास्तर, कोट झाला?"

"झालाय, झालाय. घाला." बाबांनी कोट त्यांच्या हातात कोंबला आणि ते खुर्चीखाली शिरले.

पडदे उघडत होते, मिटत होते. क्षणभर ऊन, क्षणभर अंधार. बँडमास्तरांनी कोट चढवला आणि एका उजेडात स्वतःकडे पाहिलं. दुसऱ्या उजेडात पुन्हा पाहिलं.

"मास्तर, झालर कुठंय?"

"लावलीय ना!"

बँडमास्तरांनी कोट उघडून दाखवला. सगळी सोनेरी झालर आत, अस्तराला. "वाजवताना मी कोट उघडून धरू का? मग वाजवू कशाने?"

भिंगरी मात्र हे काही ऐकत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती. नदीपलीकडे सूर्य क्रेनच्या मागे होता, आणि त्याच्या उजेडात या काळ्या पट्ट्या आरशासारख्या चमकत असणार. उघड-बंद, उघड-बंद. न थांबता.

असशील तशी ये.

पलीकडे केबिनमध्ये आईने ते पाहिलं. तीन संध्याकाळी खिडकी मुकी, आणि आज ही खूण! पण क्रेनच्या आकड्याला तेव्हा एक भलामोठा खांब लटकत होता. लटकतं ओझं सोडून कुणी खाली उतरत नाही. आईने दात आवळून तो खांब हळू, अगदी हळू जमिनीवर टेकवला, आणि मग शिडीच्या पायऱ्या उतरताना मात्र तिने एकही मोजली नाही. खालून सुपरवायझर ओरडले, "अहो बाई, काय झालं?" ती म्हणाली, "घर!" आणि सुटणाऱ्या लाँचमध्ये तिने उडी घेतली.

ती दारात आली तेव्हा डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. आत्याच्या हाकेला पडदेवाला आधीच धावत आला होता आणि त्याने रीळ काढून पडदे मिटवले होते. घरात काळोख.

"भिंगरे! काय झालं? कुणाला लागलं का? वीज गेलीय का?"

भिंगरी तिच्या कमरेला जाऊन बिलगली.

"वीज? छे! वीज भरपूर आहे," अंधारातून बाबा म्हणाले.

"मग दिवा का नाही लावला?"

"साठवतोय."

"कशासाठी?"

"तू येशील तेव्हा पंखा बंद पडू नये म्हणून."

आईने हेल्मेट काढून हातात घेतलं. पडदेवाला बॅटरीकडे वळला. तिच्यावरचा अस्तराचा तुकडा उचकटून त्याने खालचा आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला. "दादा, ही तर दुसऱ्याच दिवशी भरलीय! भरल्या हंड्यात आणखी पाणी मावतं का? नंतरची सगळी वीज वाया."

"म्हणजे आम्ही अंधारात बसलो, ते फुकट?" आत्या म्हणाली.

"आणि माझी झालर?" बँडमास्तर म्हणाले.

मग आधी आईला हसू फुटलं, आणि घरातले सगळे दिवे लागले, पंखा सुरू झाला. आई पाठ टेकते म्हणाली आणि टेकताक्षणी झोपली. पंखा गरगरत होता. कुणी मोठ्याने बोललं नाही. बँडमास्तरही चपला हातात घेऊन गेले.

सकाळी आई पहिल्या लाँचने परत गेली. जाण्याआधी भिंगरीने बाबांना गुपित सांगितलं. बाबा बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी मशीन उचलून फिरवून ठेवलं आणि बटणांच्या डब्याखाली सापडलेले सेल रिमोटमध्ये घातले.

संध्याकाळी उघड्या पडद्यातून क्रेनचा हात घराकडे वळताना दिसला. आकडा दोनदा खाली-वर झाला.

"आज मी करू का?" बाबांनी विचारलं.

"करा. पण दोनदाच हं."

बाबांनी बटण दाबलं. पडदा मिटला, उघडला. पुन्हा मिटला, उघडला. झालं. पण बाबांचं बोट बटणावरून हलेना. ते नदीपलीकडे बघत होते, आणि बोट आपलं बटणावरच.

"बाबा."

"हं?"

"नुसती आठवण आली म्हणून करायचं नसतं."

"खूप आली तर?"

भिंगरी जरा थांबली. तिला उत्तर माहीत होतं. मग तिने बाबांच्या हातातून रिमोट काढून घेतला, त्याचं झाकण उघडलं, सेल काढून एका मुठीत घट्ट धरले, आणि दुसऱ्या मुठीत बाबांचं ते बोट.