काटा तिसावर

काटा तिसावर चढला, क्षणभर थांबला आणि हळूहळू खाली सरकू लागला. तंत्रज्ञानं दाबमापकाच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. भूल देण्याच्या मशीनची ही तपासणी तो बारा वर्षं रोज सकाळी करत आला होता. झडप बंद करायची, नळीचं तोंड अंगठ्यानं दाबायचं, ऑक्सिजन भरायचा. दहा सेकंद काटा हलता कामा नये. आज नेमका हलला, आणि आजच्या पहिल्या पेशंट होत्या त्याच्या सासूबाई. पित्ताशयातल्या खड्यांनी महिनाभर तळमळत होत्या. आजची तारीख हुकली, तर पुढची तीन आठवड्यांनी.

त्यानं नळ्या बदलल्या. काटा खाली. श्वासाचा रबरी फुगा बदलला. काटा खाली. एका हातानं नळी दाबून धरली आणि दुसऱ्यानं सांध्यासांध्याला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ.

भूलतज्ज्ञ बाई आत डोकावल्या. "झालं का?"

"पाच मिनिटं, मॅडम."

"हे तुम्ही वीस मिनिटांपूर्वी म्हणालात. दुसरं मशीन शेजारच्या ऑपरेशनला लागलंय. नाही जमलं, तर मी केस रद्द करते."

"केस म्हणजे माझ्या सासूबाई आहेत हो!"

"असू देत. गळकं मशीन मी कुणाच्याच सासूला लावणार नाही."

सासूबाईंची ट्रॉली दारातच उभी होती. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, पण कान शाबूत होते.

"जावईबापू, काय बिघडलंय?"

"काही नाही, आई. रोजचीच तपासणी."

"रोज एवढा घाम येतो? करा बरं परत, मला दिसेल असं."

त्यानं पुन्हा नळी दाबली. काटा चढला, सरकला. सासूबाई कोपरावर उठल्या.

"सकाळी सफरचंद चिरताना कुठला अंगठा कापलात?"

"हाच."

"त्यावर कापडाची पट्टी कुणी बांधली?"

"तुम्हीच."

"मग हवा कापडातून जाणार नाही तर काय! मी ती जखमेसाठी बांधली होती, मशीनसाठी नाही."

भूलतज्ज्ञ बाईंनी स्वतःचा अंगठा लावला. दहा सेकंद झाले, वीस झाले. काटा तिसावर ठाण मांडून बसला. ट्रॉली आत गेली. तंत्रज्ञानं नोंदवही उघडली. 'सदोष भाग' या रकान्यापुढे बराच वेळ पेन धरून तो बसला, आणि शेवटी त्यानं खरं तेच लिहिलं: अंगठा.

दोन तासांनी सासूबाईंनी डोळे किलकिले केले.

"काटा?"

"हलला नाही, आई."

त्यांनी त्याचा हात ओढून घेतला आणि अंगठा निरखला. पट्टी नवी होती.

"ही कुणी बांधली?"

"मॅडमनी."

"सैल आहे," असं म्हणून त्या पुन्हा झोपल्या.