सोनकीच्या हरवलेल्या आठळ्या

एका जंगलात, मुलांनो, फणस इतके पिकायचे की उन्हाळ्यात कुणाला उद्याची आठवणच यायची नाही. सगळे गरे खायचे, आठळ्या फोडायचे आणि दुपारभर लोळायचे. पावसाळ्यात मात्र झाडंही रिकामी आणि पोटंही.

तिथे सोनकी नावाची खार राहायची. गेल्या पावसाळ्यात तिची तीन पिल्लं भुकेनं रडून रडून झोपली होती. ते रडणं सोनकीच्या कानातून जाईना. यंदा तिनं ठरवलं, रोज आधी दोन आठळ्या मातीत पुरायच्या आणि मगच खायला बसायचं.

सवय फार चांगली होती. अडचण एकच. सोनकी कमालीची विसराळू होती.

"कुठे पुरल्यास?" नवरा विचारायचा.

"इथेच कुठेतरी."

"इथेच म्हणजे कुठे?"

"जंगलातच," असं म्हणून सोनकी शेपटीत तोंड लपवायची.

तिचं बघून बाकीच्यांनीही आठळ्या पुरल्या. पण ते पडले हुशार. त्यांनी कोल्हेसरांचा बचतीचा क्लास लावला होता. सर स्वतः काही साठवत नसत, त्यामुळे त्यांना शिकवायला भरपूर वेळ असे.

"बचतीवर नजर ठेवा!" सर सांगायचे. "आणि एका जागी पडू देऊ नका. हलवत राहा!"

वानर रोज आपल्या आठळ्या उकरून बघू लागला. उकरल्याच आहेत तर एखादी चाखूही लागला. अस्वलानं आंब्याखालच्या आठळ्या जांभळाखाली नेल्या आणि जांभळाखालच्या बांबूच्या बेटात. दर खेपेला सरांची फी दोन आठळ्या. शेवटी हलवायला काही उरलंच नाही, तेव्हा सर म्हणाले, "बघा, आता कसं सुटसुटीत झालं!"

सोनकीचा भाऊ एकदा तिच्याकडे आला. "सोने, चार आठळ्या दे की. नड आहे."

"घे की रे दादा. फक्त शोधून घे."

बिचारा संध्याकाळपर्यंत माती उकरून हात हलवत घरी गेला.

मग पावसाळा लागला. आठ दिवसांत जंगलात खायला काही राहिलं नाही. पिल्लं सोनकीच्या तोंडाकडे बघायची आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एवढं साठवून आपण पोरांचाच घास हरवून बसलो, या विचारानं ती ढसाढसा रडली.

एका सकाळी धाकटं पिल्लू ओरडलं, "आई, हा कोंब बघ!"

ऐनाच्या झाडाच्या मुळाशी हिरवा कोंब आला होता. सोनकीनं उकरलं, तर खाली आठळी! पुढे आणखी एक कोंब, त्याच्यापुढे आणखी एक. तिनं पुरलेली प्रत्येक आठळी जमिनीतून मान वर काढून हाक मारत होती. त्या दिवशी पिल्लं पोटभर खाऊन झोपली. पावसाळाभर त्यांना कमी पडलं नाही. काही आठळ्या उद्या काढू म्हणून सोनकी पुन्हा विसरली, त्यांचे पुढे फणस झाले.

सगळं जंगल तिच्या दारात आलं. "सोनकीताई, विसरायचं कसं ते आम्हालाही शिकवा."

"काय विसरायचं?" सोनकीनं मनापासून विचारलं.

कोल्हेसर घसा खाकरून पुढे झाले. "हा विषय मी घेतो. पुढच्या उन्हाळ्यात आठळ्या पुरा, जागा फक्त माझ्या कानात सांगा आणि बिनधास्त विसरून जा. लक्षात ठेवायला मी आहे ना!"

दुसऱ्या उन्हाळ्यात क्लासला उभं राहायला जागा नव्हती. एकेकानं सरांच्या कानात सांगितलं आणि हलक्या मनानं घर गाठलं. सगळ्यांत शेवटी सर सोनकीकडे वळले.

"सांगा ताई, तुमच्या कुठे आहेत?"

"सांगितलं असतं हो सर," सोनकी ओशाळून म्हणाली, "पण आठवतंय कुणाला?"

पावसाळा आला. सगळे आपापले कोंब शोधत चिखलात फिरले. कोंब आले ते फक्त सोनकीचे. बाकी त्या वर्षी जंगलात वाढलेलं दिसलं ते एकट्या सरांचं पोट.

तात्पर्य: मुलांनो, आपल्या बचतीवर सारखी नजर ठेवू नये. आणि आपण ठेवत नाही म्हणून सरांना तर मुळीच ठेवायला सांगू नये.